९९९९ खेळांची कॅसेट

सदर : माळ्यावरचा खजिना

बालमित्रांनो, आज आधी एक कोडं.

तळहातावर मावते, बहुतेक वेळा पिवळीधमक असते. सगळे तिला कॅसेट म्हणतात, पण तिच्यात फीत नसते. टेपरेकॉर्डरमध्ये घातली तर जात नाही. तिच्यावर मोठ्या अक्षरांत ९९९९ लिहिलेलं असतं आणि ते कधीच खरं नसतं. ओळखा पाहू!

नाही ना ओळखता येत? मग आईला विचारा, बाबांना विचारा, नाहीतर मामाला विचारा. तुमचे आई-बाबा १९९० नंतरच्या पंधरा-एक वर्षांत शाळेत असतील, तर त्यांचा चेहरा एकदम फुलेल. "अरे, ही तर व्हिडिओ गेमची कॅसेट!" असं म्हणून ते दोन्ही हातांचे अंगठे हवेतच नाचवायला लागतील. आणि मग विचारतील, "आपली कुठं गेली गं ती?"

तिथंच खरी गोष्ट सुरू होते. कारण ती कॅसेट बहुतेक वेळा माळ्यावर असते, जुन्या पत्र्याच्या पेटीत, तुटलेल्या छत्रीखाली. किंवा मागच्या दिवाळीला भंगारवाल्याच्या हातगाडीवर गेलेली असते. ती गेली तर गेलं काय, ते आज बघू या.

पेटी आली कुठून?

जपानमधल्या निन्टेन्डो कंपनीनं १५ जुलै १९८३ रोजी एक यंत्र विकायला काढलं. नाव फॅमिली कॉम्प्युटर, लाडानं फॅमिकॉम. ते टीव्हीला जोडायचं, वरच्या फटीत कॅसेट खोचायची आणि खेळायचं. ते यंत्र तयार करणाऱ्या मंडळींचे प्रमुख होते मासायुकी उएमुरा नावाचे इंजिनिअर. २०२१ साली ते वारले.

हे यंत्र जगभर इतकं गाजलं, की तैवान, हाँगकाँग, चीनमधल्या कारखान्यांनी त्याच्यासारखी दुसरी स्वस्त यंत्रं बनवायचा सपाटा लावला. आपल्याकडे समुराई, मीडिया अशा नावांनी, आणि कित्येकदा काहीच नाव नसलेल्या खोक्यांतून, ही यंत्रं आली. मोठ्या शहरांतून तालुक्याला आणि तालुक्याहून गावात पोचली. टीव्हीचं चॅनेल जुळवायला घरातल्या थोरल्या भावाला बोलवायचं, मुंग्या मुंग्या दिसणाऱ्या पडद्यावर एकदम रंगीत चित्र आलं की सगळ्यांनी ओरडायचं आणि नेमकी तेव्हाच लाइट जायची!

९९९९ चं गणित

आता त्या ९९९९ कडे वळू. एवढे खेळ एका कॅसेटमध्ये होते का? मुळीच नाही. यादी लांबलचक असायची, पण थोडं खाली गेलं की तेच खेळ पुन्हा पुन्हा. कुठं नाव बदललेलं, कुठं तोच खेळ तिसऱ्या पायरीपासून सुरू होणारा, कुठं पळण्याचा वेग वाढवलेला.

समजा, कॅसेटमध्ये निरनिराळे खेळ फक्त ९ आहेत आणि यादीत प्रत्येकाचं नाव सारख्याच वेळा आलंय. तर प्रत्येक खेळ किती वेळा लिहिला असेल? करा भागाकार. ९९९९ भागिले ९, उत्तर ११११. म्हणजे एकाच खेळाला एक हजार एकशे अकरा नावं! दुकानदाराला कुणी पूर्ण यादी मोजून दाखवत नाही, हे कॅसेट बनवणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं. जाहिरातीतला मोठा आकडा दिसला, की आधी भागाकार करून बघायचा, हे मात्र आजही लक्षात ठेवा.

अमेरिकेत नाही, पण दुधनीत आहे!

ही गोष्ट मला सगळ्यांत मजेची वाटते. फॅमिकॉम जपानमध्ये विकलं गेलं. अमेरिकेत १९८५ साली तेच यंत्र वेगळ्या नावानं आणि वेगळ्या आकारात आलं. जपानी कॅसेटला ६० दात, अमेरिकन कॅसेटला ७२. म्हणजे इकडची तिकडे बसायची नाही. शिवाय जपानमधले सगळे खेळ अमेरिकेत पाठवलेच गेले नाहीत.

आपल्याकडे आलेल्या बऱ्याच यंत्रांत मात्र जपानी मापाच्या, ६० दातांच्या कॅसेटी चालायच्या. त्यामुळे झालं काय, की जे खेळ त्या काळी अमेरिकेतल्या मुलांनी घरच्या यंत्रावर कधी पाहिले नाहीत, ते आपल्या खेड्यापाड्यांतल्या मुलांना तोंडपाठ होते. आज परदेशातले हौशी लोक हे खेळ 'दुर्मिळ' म्हणून शोधून काढतात, आणि आपल्याकडचा एखादा बाबा म्हणतो, "हा होय? हा तर आम्ही रोज खेळायचो!"

आमचं दुधनी अक्कलकोट तालुक्यात, अगदी कर्नाटकच्या वेशीवर. पुष्कळ घरांत कानडी, शाळेत मराठी, बाजारात दोन्ही. अशा ठिकाणच्या मुलांना पडद्यावर जपानी अक्षरं आली म्हणून काय फरक पडणार? न वाचताच खेळ कळायचा. त्यांतले तीन खेळ सांगतो.

पहिला रणगाड्यांचा. खरं नाव 'बॅटल सिटी', नाम्को कंपनीनं १९८५ साली काढलेला. खाली मधोमध आपला गरुड, त्याच्याभोवती विटांची भिंत, आणि वरून येणारे शत्रूचे वीस रणगाडे. दोघांनी मिळून गरुड वाचवायचा. आपल्याकडच्या कॅसेटींत याचीच बदललेली आवृत्ती 'टँक १९९०' या नावानं असायची. यातली सगळ्यांत भारी सोय म्हणजे, मैदान आपणच रचता यायचं! १३ आडव्या आणि १३ उभ्या चौकोनांत विटा, पोलाद, पाणी, झाडी हवी तिथं ठेवायची. यंत्र बंद केलं की रचलेलं सगळं पुसलं जायचं, म्हणून काही शहाणी मुलं चौकटीच्या वहीत आधी नकाशा काढून ठेवायची.

दुसरा सर्कशीचा, 'सर्कस चार्ली'. सिंहावर बसून आगीच्या कड्यांतून उडी, तारेवर चालताना माकडांना चुकवणं, मोठ्या चेंडूवरून चेंडूवर, घोडा आणि शेवटी झोका. घरच्या यंत्रासाठीची ही कॅसेट १९८६ साली जपानमध्येच निघाली.

तिसरा 'बायनरी लँड', हडसन सॉफ्ट कंपनीचा, १९८५ चा. दोन पेंग्विन, त्यांची ताटातूट झालेली. बटण एकच, पण एक पेंग्विन उजवीकडे गेला की दुसरा डावीकडे जातो, आरशातल्यासारखा! दोघांनाही एकाच वेळी वरच्या हृदयाच्या चित्रापाशी न्यायचं. डोकं चांगलंच गरगरतं. याच्यावरच एक कोडं शेवटी दिलंय.

चाळीस केबीत मावलेलं जग

आता जरा आतलं यंत्र पाहू. फॅमिकॉमच्या मेंदूजवळ कामापुरती आठवण ठेवायला जागा होती फक्त २ केबी. म्हणजे २०४८ इंग्रजी अक्षरं. तुमच्या वहीची दोन-एक पानं भरतील, तेवढीच!

आणि 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा १९८५ चा आख्खा खेळ, त्यातली आठ राज्यं, गाणी, उड्या, कासवं, सगळं मिळून ४० केबी. आईच्या मोबाइलमधला एक फोटो ३ एमबीचा धरला, तर त्या एका फोटोच्या जागेत पंचाहत्तरहून जास्त मारिओ मावतील.

मग एवढ्याशा जागेत हे बसवलं कसं? काटकसरीनं! मारिओमधला ढग आणि मारिओमधलं झुडूप नीट बघा. दोन्ही एकच चित्र आहे. ढगाला पांढरा रंग, झुडपाला हिरवा. चित्र एकदाच साठवलं, वापरलं दोनदा. आपली आई जुन्या साडीची गोधडी शिवते, त्यातलाच हा प्रकार. पडद्यावर खूप शत्रू एका ओळीत आले की चित्रं लुकलुकायची, आठवतंय का पालकहो? कारण एका आडव्या रेघेवर हलणारी आठच चित्रं दाखवता यायची. नववं आलं की कुणालातरी क्षणभर लपावं लागायचं.

बंदूक गोळी मारते की बघते?

बदकांच्या खेळाची प्लास्टिकची बंदूकही आठवत असेल. 'डक हंट', १९८४ चा. बंदुकीतून टीव्हीकडे काहीतरी जात असेल, असं सगळ्यांना वाटायचं. प्रत्यक्षात बंदुकीतून काहीच बाहेर पडत नव्हतं. उलट तिच्या नळीत उजेड ओळखणारा डोळा होता!

घोडा ओढला की टीव्ही एका निमिषापुरता पूर्ण काळा व्हायचा. पुढच्या निमिषाला बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकायचा. बंदुकीच्या डोळ्याला आधी काळोख आणि मग उजेड दिसला, तर नेम बरोबर. दिसला नाही, तर बदक उडालं. हे इतकं झटकन व्हायचं, की आपल्याला नुसती चमक जाणवायची.

ही युक्ती जुन्या, मागून फुगीर असलेल्या टीव्हीसाठी होती. आजच्या चपट्या टीव्हीवर चित्र किंचित उशिरा उमटतं, त्यामुळे ती जुनी बंदूक तिथं आंधळी होते. म्हणजे कॅसेट जपली, यंत्र जपलं, तरी टीव्ही भंगारात गेला की खेळ गेला. एक वस्तू दुसरीवर कशी टेकून उभी असते, बघा!

फुंकर मारायची का?

कॅसेट चालली नाही की ती काढायची, तोंडाजवळ धरून जोरात फूऽऽ करायचं आणि परत खोचायची. महाराष्ट्रातच नव्हे, साऱ्या जगात मुलं हेच करायची. कुणी कुणाला शिकवलं, देव जाणे!

पण फुंकरीचा उपयोग होत नव्हता. कॅसेट काढून परत घातल्यावर तिचे दात यंत्राच्या आतल्या पट्ट्यांना नव्यानं टेकायचे, म्हणून ती चालायची. फुंकर न मारता काढून घातली असती तरी चालली असती. उलट तोंडातली वाफ दातांवर बसून ते गंजायचे. निन्टेन्डो कंपनीनंही फुंकर मारू नका, असंच बजावलेलं आहे.

माळ्यावर कॅसेट सापडलीच, तर मोठ्या माणसाला सोबत घ्या. काडीला कापूस गुंडाळा, त्यावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, दात हलकेच पुसा, पूर्ण सुकू द्या. पाणी, चाकू, सँडपेपर काही लावू नका.

नाव कुणाचं?

आता जरा गंभीर गोष्ट. त्या पिवळ्या कॅसेटींत खेळ तर होते, पण बऱ्याच वेळा पहिल्या पानावरचं कंपनीचं नाव पुसलेलं असायचं. आपल्या मुलांना स्वस्तात आनंद मिळाला, हे खरं. पण ज्यांनी रात्र रात्र जागून ते खेळ बनवले, त्यांना ना त्याचे पैसे मिळाले, ना नाव. तुमची निबंधाची वही कुणी नाव खोडून स्वतःची म्हणून दाखवली, तर कसं वाटेल? तसंच ते.

मोठ्या कंपन्यासुद्धा कधी कधी तेच करत. अमेरिकेतली अटारी कंपनी खेळ बनवणाऱ्याचं नाव छापतच नसे. तेव्हा वॉरन रॉबिनेट नावाच्या माणसानं आपल्या 'ॲडव्हेंचर' या खेळात एक गुप्त खोली केली आणि तिच्यात स्वतःचं नाव लिहून ठेवलं. कंपनीत कुणालाच पत्ता नाही! खेळ १९८० साली बाहेर पडला, आणि ती खोली शोधून काढली एका शाळकरी मुलानं. त्यानं कंपनीला पत्र लिहून कळवलं. तोवर रॉबिनेट नोकरी सोडूनही गेला होता.

'कॉन्ट्रा'मध्ये वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं असं काहीतरी दाबलं की तीस जीव मिळायचे, हे तुमच्या मामाला नक्की माहीत असेल. ती युक्ती काझुहिसा हाशिमोतो यांची. १९८६ साली 'ग्रॅडियस' नावाचा दुसराच खेळ तपासताना तो त्यांना फार अवघड जात होता, म्हणून त्यांनी स्वतःसाठी ही पळवाट केली होती. २०२० साली ते वारले. युक्ती सगळ्यांना पाठ, माणूस कुणालाच ठाऊक नाही!

आपल्या मातीतले खेळ

पुढे भारतातही टीव्हीवर खेळायचे खेळ तयार झाले. प्लेस्टेशन २ या यंत्रासाठी २००९ साली हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीज कंपनीनं 'हनुमान : बॉय वॉरियर' काढला. त्याच वर्षी 'देसी अड्डा' आला. त्यात चक्क कबड्डी, विटीदांडू आणि पतंग! मुंबईच्या ट्राइन गेम्सनं २०१० साली 'स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स' काढला, म्हणजे आपलं गल्लीतलं क्रिकेट. जगभर कोट्यवधी घरांत गेलेलं ते यंत्र बनवणं २०१३ साली थांबलं. आज वर्गात विचारा, विटीदांडूचा टीव्ही गेम किती जणांनी पाहिलाय? पंधरा वर्षांतच तो खेळ अनोळखी झाला.

हरवायला फार वेळ लागत नाही, मुलांनो. भारताचा पहिला बोलपट 'आलम आरा' १९३१ साली आला. लोकांनी तिकिटासाठी झुंबड केली होती. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. त्याच्या पुढच्याच वर्षी आलेला, प्रभातचा मराठी बोलपट 'अयोध्येचा राजा' मात्र आपण आजही पाहू शकतो. एक हरवला, एक राहिला. राहिला, कारण कुणीतरी डबे जपले.

खेळांचंही तेच चाललंय. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशननं २०२३ साली पाहणी केली. तिकडे २०१० च्या आधी निघालेल्या जुन्या खेळांपैकी शंभरातले फक्त १३ आज रीतसर विकत मिळतात. उरलेले ८७ दुकानात नाहीत. तिकडे निदान मोजदाद तरी झाली. आपल्या गावांत कुठल्या कॅसेटी आल्या, मुलं त्यांना काय म्हणायची, हे कुणी लिहायचं?

तर मग, वही काढा

हे काम तुम्हीच करू शकता. त्याला पैसे लागत नाहीत. एक वही घ्या. घरातल्या, शेजारच्या, ओळखीच्या मोठ्या माणसांना हे पाच प्रश्न विचारा :

१. तुमच्याकडे टीव्ही गेम होता का? कुठून, कोणत्या साली आणला?
२. कॅसेटचा रंग कोणता? तिच्यावर काय लिहिलेलं होतं?
३. आवडता खेळ कोणता? तुम्ही मित्र-मैत्रिणी त्याला काय नाव द्यायचात?
४. यंत्र एक आणि मुलं दहा, मग पाळी कशी ठरायची?
५. मुलींना खेळायला मिळायचं का?

पाचवा प्रश्न गाळू नका. आत्या आणि मावशीला तो जरूर विचारा, आणि उत्तर जसंच्या तसं लिहा.

सापडलेल्या कॅसेटचं चित्र काढा, मागचे-पुढचे शब्द उतरवून घ्या. तिचा आकार, दात किती, तेही मोजा. नुसती एवढी नोंद असली, तरी पुढं कुणी शोध घेणाऱ्याला ती सोन्यासारखी वाटेल.

पालकांसाठी दोन ओळी

जुनं यंत्र सुरू करण्याआधी अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि यंत्रावरचे व्होल्ट सारखे आहेत का, + आणि − ची खूण जुळते का, हे तुम्ही स्वतः पाहा. शंका असली तर मेकॅनिकला दाखवा. जुन्या फुगीर टीव्हीचं मागचं झाकण कुणीही उघडू नये. वायर काढल्यावरसुद्धा आत जबर दाबाची वीज साठून राहते. आणि यंत्र चाललंच, तर पहिली पाळी मुलांना द्या! अर्धा तास पुरे. उरलेला अर्धा तास तुमच्या वेळच्या गोष्टी सांगा.

डोकं चालवा : पेंग्विनचं कोडं

चौकटीच्या वहीत एक लांब आडवी ओळ आखा. दोन सोंगट्या ठेवा, डावीकडे 'अ' आणि उजवीकडे 'ब'. नियम आरशाचा : 'अ' एक घर उजवीकडे गेली, की 'ब' एक घर डावीकडे जाते. 'अ' डावीकडे गेली, की 'ब' उजवीकडे. एका घरात दोघी मावत नाहीत. दोघींना शेजारी शेजारी आणायचं.

पहिला प्रश्न : मधे ६ मोकळी घरं आहेत. किती चालींत जमेल?

दुसरा प्रश्न : मधे ७ मोकळी घरं आहेत. आता कितीही चाली केल्या तरी जमत नाही. का बरं?

तिसरा प्रश्न : घरं ७ च आहेत, पण 'ब'च्या उजव्या अंगाला लागून खोडरबर ठेवा. ही भिंत. भिंत आडवी आली तर ती सोंगटी जागीच थांबते, दुसरी मात्र चालते. आता कमीत कमी किती चालींत जमेल?

उत्तरं : (१) ३ चाली, कारण प्रत्येक चालीत दोन घरं कमी होतात. (२) प्रत्येक चालीत अंतर दोननंच बदलतं, म्हणून विषम अंतर कधी शून्य होत नाही. (३) ५ चाली. आधी 'अ' डावीकडे न्या. 'ब' भिंतीमुळे हलत नाही, अंतर ८ होतं. मग उजवीकडे ४ चाली.

वहीत काय काय जमलं, ते पोस्टकार्डावर लिहून कळवा. सोबत तुम्ही रचलेलं १३ बाय १३ चं रणगाड्याचं मैदानही पाठवा. गरुड वाचला पाहिजे, बरं का!

तुमचा,
दुधनीचा गुरुजी